इराणचा नवरोझ आणि मुंबईचा उंबरठा

भंडारा जिल्ह्यातील धानाच्या मुलखात फिरणाऱ्या माणसाला गावाच्या वरच्या अंगाला एखादा तलाव हमखास आढळतो. पाऊस ओसरला, म्हणजे ह्याच तलावाचे पाणी पाटांनी खालच्या बांध्यांत उतरते आणि लोंबीला आलेले धान तगते. ह्यांतील बहुतेक जुने तलाव कोहळी समाजाच्या पूर्वजांच्या कष्टांतून उभे राहिले. परंतु लोकव्यवहारात त्यांना नाव पडले आहे ते ‘मालगुजारी तलाव’. ‘माल’ म्हणजे सरकारी सारा आणि ‘गुजार’ म्हणजे तो भरणारा. शब्दाची ही घडण फारसी आहे. धान खोलगट बांधीतले, घाम कोहळ्यांचा, पाणी आकाशातले आणि नाव मात्र दूरच्या इराणच्या भाषेतले, असा हा योग आहे.

जमीन, बाजार, दस्तऐवज, हजार हे शब्दही त्याच वाटेने आले. मराठी बोलणाऱ्याला ते इतके घरचे झाले आहेत की, त्यांच्या मूळ गावाची कोणाला आठवणही राहिली नाही. ह्या शब्दांमुळे इराणचा आणि महाराष्ट्राचा संबंध म्हटला म्हणजे मनापुढे येते ते बादशाही दरबारांचे युग. त्या युगात देणारा इराण आणि घेणारे आपण, असाच हिशेब सर्वत्र मांडला जातो.

परंतु ह्या हिशेबाला दुसरी बाजूही आहे आणि ती फारशी कोणी उघडून पाहत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पुढे सुमारे ऐंशी वर्षे इराण आपले नवे रूप घडवीत होता. त्या घडणीतील काही महत्त्वाची कामे तेहरानात किंवा इस्फहानात न होता मुंबईत झाली. एका पीडित समाजावरचा कर मुंबईच्या खटपटीने उठला. इराणच्या प्राचीन धर्मवाणीचे फारसी रूप मुंबईत छापले गेले. आणि फारसी भाषा चित्रपटाच्या पडद्यावरून पहिल्याने बोलली ती मुंबईतच. हे कसे घडले, हे समजून घेण्यासाठी प्रथम थोडे मागे जावे लागते.

सासानी वंशाचा अखेरचा सम्राट तिसरा यज्दगर्द इ. स. 651 मध्ये मारला गेला आणि इराणात नव्या धर्माची सत्ता स्थिर झाली. पुढील काही शतकांत जरथुश्त्राच्या अनुयायांचा एक गट समुद्रमार्गाने गुजरातच्या किनाऱ्यास लागला. तेच आपले पारशी. जे मागे राहिले, ते हळूहळू यज्द आणि कर्मान ह्या वाळवंटाच्या कडेच्या दोन प्रदेशांत एकवटले. देश सोडला तरी पारश्यांनी मागच्यांचा विसर पडू दिला नाही. धर्मविधींविषयी शंका निघाली, म्हणजे ते आपला माणूस इराणात धाडीत आणि तेथील दस्तुरांची लेखी उत्तरे घेऊन येत. ‘रिवायत’ ह्या नावाने प्रसिद्ध असलेला हा पत्रव्यवहार 1478 पासून 1773 पर्यंत, म्हणजे जवळजवळ तीनशे वर्षे चालला. ह्या काळात इराण गुरुस्थानी होता आणि भारतातील पारशी शिष्यस्थानी.

ही गुरुशिष्यवृत्ती केवढी गंभीर होती, ह्याचे एक उदाहरण पंचांगाचे आहे. दोन्हीकडील कालगणना 365 दिवसांची होती आणि तीत लीप वर्षाची सोय नव्हती. दोन्हीकडचे नाते तुटल्यासारखे असताना भारतातील पारश्यांची तिथी इराणातील तिथीपेक्षा एक महिना मागे पडली होती. अठराव्या शतकात ही तफावत उघडकीस आली, तेव्हा 1745 साली सुरतेतील काही पारश्यांनी इराणची गणना खरी मानून ती स्वीकारली. तेच ‘कदमी’ होत. उरलेले ‘शहेनशाही’ राहिले. एका महिन्याच्या फरकावरून समाजात दोन तट पडले. इराणच्या शब्दाला त्यांच्या मनात केवढे वजन होते, हे ह्यावरून दिसते.

पुढे मात्र चित्र पालटले. मुंबईचा व्यापार वाढला, पारशी समाज संपन्न व सुशिक्षित झाला आणि त्याच वेळी इराणातील जरथुश्त्री अधिकाधिक दीन होत गेले. काजार वंशाच्या राजवटीत त्यांच्यावर जिझिया कर होता. वाटेत मुसलमान मनुष्य भेटला, तर गाढवावरून पायउतार व्हावे, घोड्यावर बसू नये, रंगीत व चांगले वस्त्र नेसू नये, घर उंच बांधू नये, असे निर्बंध त्यांच्या गळ्यात होते. घरातील एकाने धर्मांतर केले, तर सबंध कुटुंबाच्या मालमत्तेवर त्याचा हक्क पोहोचे. ज्या घरी वडिलार्जित शेत आहे, त्या घरी भावाभावांत केवढे भय पेरले जात असेल, ह्याची कल्पना कोणत्याही शेतकऱ्याला करता येईल.

अठराव्या शतकाच्या अखेरीस ह्या छळाला कंटाळून कर्मानकडील एक गृहस्थ आपल्या मुलीसह मुंबईस आला. मुलीचे नाव गुलिस्तानबानू. तिचा विवाह मुंबईचे व्यापारी फ्रामजी भिकाजी पांडे ह्यांच्याशी झाला. पांडे ह्यांचे घर इराणातून पळून येणाऱ्या निराश्रितांचे आश्रयस्थान बनले. ह्या दांपत्याचे पुत्र मेहेरवानजी पांडे ह्यांनी पुढाकार घेऊन 1854 साली इराणातील जरथुश्त्रींची स्थिती सुधारण्यासाठी एक निधी उभारला. त्याच घराण्यातील साकरबाई ज्यांना दिल्या होत्या, त्या दीनशा माणेकजी पेटिट ह्यांच्यासारख्या धनिकांचे पाठबळ ह्या कार्याला लाभले. आईने सांगितलेल्या हकीकती मुलाने विसरावयाच्या नसतात, एवढेच ह्या संस्थेचे मूळ होय.

निधी जमला, तरी काम करणारा मनुष्य हवा होता. तो माणेकजी लिमजी हातरिया ह्यांच्या रूपाने मिळाला. 1813 साली सुरतेनजीक जन्मलेले माणेकजी 1854 च्या मार्च महिन्यात मुंबईहून इराणकडे निघाले. तेथे पोहोचल्यावर त्यांनी जी शिरगणती केली, तीत सबंध इराणात जेमतेम सात हजारांच्या घरात जरथुश्त्री उरलेले आढळले. एका काळी ज्यांच्या धर्माचा साम्राज्यभर अंमल होता, त्यांची ही संख्या आज भंडारा जिल्ह्यातील चारदोन मोठ्या गावांतही सहज सामावेल.

माणेकजींची कार्यपद्धती ध्यानात घेण्याजोगी आहे. त्यांनी प्रथम मोडकळीस आलेली अग्निमंदिरे व दख्मे दुरुस्त करविले. लोकांच्या मनात आपण टिकू शकतो, हा विश्वास त्यामुळे आला. नंतर शाळा काढल्या. जिझियाचा बोजा गरिबांना सोसवेना, म्हणून काही काळ त्या कराची रक्कम मुंबईच्या निधीतून भरली जाई. आणि हे सर्व चालू असता तेहरानच्या दरबारात अर्जांमागून अर्ज गेले. माणेकजी इंग्रजांचे प्रजाजन असल्यामुळे इंग्रज वकिलातीचे दार त्यांना मोकळे होते. त्याचाही त्यांनी उपयोग करून घेतला. अखेर 1882 साली नासिरुद्दीन शहाने जिझिया रद्द करण्याचे फर्मान काढले. 1854 पासून 1882 पर्यंत अठ्ठावीस वर्षे झाली. कर एका सहीने उठला. पण ती सही मिळविण्यासाठी एका माणसाचे आयुष्य खर्ची पडले. माणेकजींनी 1890 साली तेहरानातच देह ठेवला.

ह्या कार्याचा परिणाम जरथुश्त्री समाजापुरताच राहिला नाही. इराणातील सुशिक्षित मुसलमान मंडळींतही त्या वेळी आपल्या इस्लामपूर्व इतिहासाचे कुतूहल जागे होत होते. काजार राजपुत्र जलालुद्दीन मिर्झा ह्याने अरबी शब्द शक्यतो टाळून इराणच्या राजांचा इतिहास लिहिला आणि त्याचा माणेकजींशी पत्रव्यवहार होता. मराठी वाचकाला येथे शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून सिद्ध झालेल्या ‘राज्यव्यवहारकोशा’ची आठवण होणे साहजिक आहे. महाराष्ट्रात राजकारभारातील फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द शोधले गेले; इराणात फारसीतील अरबी शब्दांना जुने इराणी प्रतिशब्द शोधले जाऊ लागले. ज्या भाषेचे ओझे एकाला वाटले, तीच भाषा दुसऱ्या ओझ्याखालून मान वर काढीत होती.

नव्या शाळांतून शिकलेल्या पिढीतील सर्वांत कर्तबगार पुरुष म्हणजे कर्मानचे कैखुस्रो शाहरुख. त्यांचे शिक्षण काही तेहरानात व काही मुंबईत झाले होते. 1906 साली इराणात राज्यघटना मिळाली आणि ‘मजलिस’ म्हणजे लोकप्रतिनिधींची सभा स्थापन झाली. 1909 पासून 1940 मधील आपल्या मृत्यूपर्यंत शाहरुख ह्या सभेत जरथुश्त्रींचे प्रतिनिधी होते. ज्यांच्या बापजाद्यांना घोड्यावर बसण्याची मुभा नव्हती, त्यांचा मनुष्य आता देशाचे कायदे करण्यास बसू लागला. तूस येथे महाकवी फिर्दौसीची जी भव्य समाधी 1934 साली उघडली गेली, तिच्या उभारणीत शाहरुख ह्यांचा मोठा वाटा होता.

1925 साली मजलिसीने सौर पंचांगाचा कायदा केला, त्यातही त्यांचा पुढाकार होता. ह्या कायद्याने वर्षाचा आरंभ वसंतसंपाती, म्हणजे सामान्यतः 21 मार्चच्या सुमारास ठरला आणि महिन्यांना फरवर्दीन, अर्दीबहेश्त, खोरदाद अशी प्राचीन नावे मिळाली. ही नावे मुंबईच्या पारशी घरांतून शतकानुशतके उच्चारली जात होती. आता तीच तेहरानच्या सरकारी कागदांवर आली. पंचांगासाठी ज्यांनी इराणकडे पाहिले होते, त्यांच्याच जपणुकीतील नावे इराणच्या पंचांगात पुन्हा मानाने बसली.

ह्या पंचांगाचा पहिला दिवस म्हणजे नवरोझ. महाराष्ट्रात गुढी उभारली जाते, त्याच ऋतूत हा सण येतो. सूर्य विषुववृत्त ओलांडतो त्या नेमक्या क्षणी वर्ष पालटते, मग तो क्षण मध्यरात्री येवो की भर दुपारी. त्या वेळी सारे कुटुंब एका मांडलेल्या वस्त्राभोवती बसलेले असते. त्यावर फारसी ‘सीन’ ह्या अक्षराने ज्यांची नावे आरंभतात, असे सात पदार्थ ठेवितात: गव्हाचे किंवा मसुराचे कोवळे अंकुर, गव्हाच्या अंकुरांची गोड लापशी, सफरचंद, लसूण, शिर्का, सुमाक नावाची आंबट पूड आणि संजद नावाचे वाळलेले फळ. शेजारी आरसा व मेणबत्त्या असतात. वर्षाच्या अखेरच्या बुधवारच्या पूर्वसंध्येला अंगणात विस्तव पेटवून त्यावरून उड्या घेण्याची चाल आहे. तेराव्या दिवशी कोणी घरी राहत नाही; सारे गाव रानात, ओढ्याकाठी वनभोजनास जाते आणि घरात उगवलेले अंकुर वाहत्या पाण्यात सोडून देते. महाराष्ट्रातील घटस्थापनेचे धान्य आणि त्याचे विसर्जन ज्याने पाहिले आहे, त्याला ह्या विधीचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही. शेतकरी कोणत्याही देशाचा असो, नव्या वर्षाचे मागणे तो अंकुरापाशीच मागतो.

सण टिकतो तो घराघरांतून. परंतु त्यामागचे तत्त्वज्ञान टिकण्यास ग्रंथ लागतो. हे ग्रंथकार्य दीनशहा जीजीभाई इराणी ह्यांनी हाती घेतले. मुंबईतील हे नामांकित सॉलिसिटर 1881 साली जन्मले. दिवसा कोर्टकचेरी आणि उरलेला वेळ अवेस्ता व फारसी काव्य, असा त्यांचा क्रम असे. 1918 साली मुंबईत इराणी जरथुश्त्रींची अंजुमन स्थापन झाली आणि 1922 साली ‘इराण लीग’. ह्या दोन्ही संस्थांच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. इराणातून पोट भरण्यासाठी आलेल्या, चहाच्या दुकानांतून व बेकऱ्यांतून राबणाऱ्या यज्दी माणसांपासून थेट तेहरानच्या कवींपर्यंत त्यांचा संबंध पोहोचला होता.

दीनशहांच्या निमंत्रणपरंपरेतील सर्वांत फलदायी पाहुणा म्हणजे रश्त येथील विद्वान इब्राहीम पूरे दाऊद. हे गृहस्थ मुसलमान कुटुंबात जन्मलेले होते. 1925 साली ते मुंबईस आले आणि सुमारे अडीच वर्षे राहिले. जरथुश्त्राच्या गाथांचे त्यांनी केलेले फारसी भाषांतर 1927 साली मुंबईत प्रसिद्ध झाले. ज्या देशात ह्या गाथा प्रथम गायिल्या गेल्या, त्या देशातील सामान्य वाचकाला त्यांचा अर्थ आपल्या बोलीत वाचता यावा, ह्यासाठी छापखाना मिळाला तो मुंबईचा आणि खर्च सोसला तो मुंबईकरांनी. पूरे दाऊद पुढे काही काळ रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात शिकवीत होते आणि नंतर तेहरान विश्वविद्यालयात प्राध्यापक झाले. आज इराणात अवेस्तेचा जो अभ्यास चालतो, त्याचे ते आद्य आचार्य मानले जातात.

1932 च्या एप्रिलात रवींद्रनाथ ठाकूर विमानाने इराणास गेले, त्या भेटीत दीनशहा इराणीही त्यांच्यासमवेत होते. शिराझ येथे सादी व हाफिझ ह्यांच्या समाधींचे दर्शन घेऊन कविवर्य तेहरानास पोहोचले आणि तेथेच त्यांचा वाढदिवस साजरा झाला. लगेच पुढील वर्षी, 1933 साली, दीनशहांनी त्या काळच्या इराणी कवींचा एक विस्तृत संग्रह मुंबईहून प्रकाशित केला. 1938 साली ते निवर्तले.

दीनशहांच्या भोवती जमलेल्या तरुणांत तेहरानचा एक युवक होता. त्याचे नाव अब्दुल हुसेन सपन्ता. 1907 साली जन्मलेला हा तरुण प्राचीन इराणी भाषा शिकण्यासाठी मुंबईस आला होता. त्याची गाठ पडली अर्देशीर इराणी ह्यांच्याशी. अर्देशीर हे पुण्यात 1886 साली जन्मलेले इराणी जरथुश्त्री. त्यांच्या इंपीरिअल फिल्म कंपनीने काढलेला ‘आलम आरा’ हा हिंदुस्थानातील पहिला बोलपट 14 मार्च 1931 रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात लागला. ज्याने हिंदुस्थानच्या पडद्याला वाचा दिली, त्यानेच आपल्या पूर्वजांच्या भाषेलाही ती द्यावी, असा विचार पुढे आला. सपन्ताने कथा लिहिली आणि नायकाची भूमिकाही केली. 1933 साली ‘दुख्तर-ए-लूर’, म्हणजे लूर जमातीची मुलगी, हा पहिला फारसी बोलपट तयार झाला.

त्याची कथा साधी आहे. लहानपणी दरोडेखोरांनी पळवून नेलेली गुलनार एका चहाखान्यात नाचून लोकांची करमणूक करीत असते. सरकारी कामगिरीवर आलेला जाफर तिला सोडवितो, आणि ती दोघे पळून आश्रयाला येतात ती मुंबईत. पुढे स्वदेशी सुव्यवस्था झाल्याची वार्ता येते आणि दोघे परत जातात. ‘कालचा इराण आणि आजचा इराण’ असे ह्या चित्राचे दुसरे नावही होते. रझा शहाच्या नव्या राजवटीची स्तुती त्यात उघड आहे. परंतु त्याखाली जुनी, खरी गोष्ट आहे. संकटात मुंबईचा उंबरठा गाठावा आणि दिवस पालटल्यावर काहीतरी घेऊन घरी परतावे, हीच गुलिस्तानबानूच्या काळापासूनची इराणी माणसाची कथा आहे.

तेहरानात हा बोलपट नोव्हेंबर 1933 मध्ये दाखविला गेला. पडद्यावरची माणसे आपल्या भाषेत बोलत आहेत, हे पाहण्यासाठी लोकांनी गर्दी केली आणि तो दीर्घकाळ चालला. परंतु ह्या यशाची किंमत एकीला मोजावी लागली. गुलनारची भूमिका रूहंगीझ सामीनेझाद हिने केली होती. ती कर्मान प्रांताकडची. तिच्या बोलण्याची ढब कर्मानी होती आणि ती तशीच पडद्यावर ऐकू आली. फारसी बोलपटात बोललेली ती पहिली स्त्री. ज्या लोकांनी तिकिटे काढून तिचे चित्र पाहिले, त्यांच्यातीलच कित्येकांनी चित्रपटात काम करणारी बाई म्हणून तिची अवहेलना केली. तिने तो व्यवसाय सोडला, नाव मागे टाकले आणि उरलेले आयुष्य एकांतात काढून 1997 साली ती वारली. महाराष्ट्रातही पहिल्या काळात नाटकात व चित्रपटात पाऊल टाकणाऱ्या स्त्रियांना जे सोसावे लागले, ते ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ह्या परक्या देशातील स्त्रीचे दुःख परके वाटणार नाही.

सपन्ताचा अनुभवही पूर्ण सुखाचा नव्हता. 1934 साली फिर्दौसीच्या सहस्रसांवत्सरिक उत्सवासाठी त्याने मुंबईत ‘फिर्दौसी’ हा बोलपट काढला. त्यात कवीला उपेक्षिणाऱ्या सुलतान महमूदाचे जे चित्रण होते, त्यावर रझा शहाने हरकत घेतली आणि तो भाग बदलावा लागला. कवीचा गौरव राजाला हवा होता. राजाने कवीवर केलेला अन्याय मात्र पडद्यावर नको होता. पुढे मुंबईत ‘शिरीन व फरहाद’ आणि ‘काळे डोळे’, कलकत्त्यास ‘लैला व मजनून’ हे बोलपट काढून सपन्ता मायदेशी परतला. पण तेथे त्याला चित्रपटासाठी साहाय्य मिळाले नाही. त्याने इस्फहानात वृत्तपत्राचा व्यवसाय धरला. 1937 नंतर फारसी बोलपट बंद पडला तो 1948 पर्यंत. अर्देशीर इराणी व सपन्ता हे उभयतां एकाच वर्षी, 1969 साली, एक मुंबईस आणि दुसरा इस्फहानास, असे कालवश झाले.

ह्या सर्व देवघेवीत मराठीच्या पदरी काय पडले, हाही प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, ह्यांच्या चरित्रात आहे. फारसीच्या ह्या प्राध्यापकांनी 1925 साली ‘फार्शी-मराठी कोश’ प्रसिद्ध केला, उमर खय्यामच्या रुबाया इंग्रजीच्या मध्यस्थीवाचून थेट फारसीवरून मराठीत आणल्या आणि गज्जल मराठीत रुजविली. गंमत अशी की, ह्याच पंडिताने पुढे 1938 साली ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहून मराठीतील परकी शब्दांची छाननी मांडली. तीनच वर्षांपूर्वी, 1935 साली, तेहरानात स्थापन झालेली भाषामंडळी फारसीतील अरबी शब्दांची तशीच छाननी करू लागली होती. फारसीवर निस्सीम प्रेम करणारा मनुष्य मराठीच्या स्वत्वासाठी झटतो, ह्यात विसंगती नाही. दुसऱ्याची भाषा मुळापासून जाणणाऱ्यालाच आपल्या भाषेची कड कोठे आहे, हे दिसते.

त्यानंतर इराणात पुष्कळ उलथापालथी झाल्या. रझा शहाला 1941 साली सिंहासन सोडावे लागले आणि 1979 च्या क्रांतीने त्याच्या पुत्राचीही राजवट संपली. प्राचीन वैभवाचा गौरव हे पहलवी राजवटीचे आवडते साधन होते, म्हणून नव्या राज्यकर्त्यांना त्याचे सारे अवशेष पुसून टाकणे सोयीचे झाले असते. तरीही फरवर्दीन, अर्दीबहेश्त ही महिन्यांची नावे राहिली आणि नवरोझही राहिला. 2009 साली युनेस्कोने नवरोझला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. ते मागणाऱ्या सात देशांत इराणाबरोबर भारतही होता. पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी 21 मार्च हा नवरोझचा आंतरराष्ट्रीय दिवस ठरविला.

राजांनी परंपरेचा डंका पिटला म्हणून ती टिकली नाही आणि राजे गेले म्हणून ती बुडालीही नाही. आईच्या आठवणीवरून निधी काढणारा मुलगा, अठ्ठावीस वर्षे अर्ज करणारा मुत्सद्दी, कोर्टाचे काम आटोपून पुस्तके छापविणारा सॉलिसिटर आणि कर्मानी ढबीने पडद्यावर बोललेली एक तरुणी, अशा माणसांनी ती हातोहात पुढे दिली. त्यांतील काहींना मान मिळाला, काहींना उपेक्षा. परंतु दिलेली वस्तू पोहोचली.

भंडाऱ्याच्या मालगुजारी तलावांचीही गोष्ट ह्याहून निराळी नाही. 1951 साली मालगुजारी पद्धती कायद्याने संपली. सारा गोळा करणारे मालगुजार गेले आणि त्यांची सनदही गेली. तलाव मात्र आहेत. फारसी नाव अंगावर घेऊन ते पावसाळ्यात भरतात आणि धानाला पाणी देतात.